कार्ट छोटा हत्तीत चढवण्याआधी

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटरवर आहे, बंगळुरू ९२० च्या आसपास, आणि चेन्नई समुद्राला टेकलेले. मराठवाड्यातून कार्टिंगच्या (छोट्या, उघड्या रेसिंग गाड्यांच्या) राष्ट्रीय फेरीला निघालेल्या हौशी माणसाचा निम्मा वीकेंड या तीन आकड्यांत दडलेला असतो, कारण उंची बदलली की हवा आणि तिच्याबरोबर इंजिनाचे सेटिंग बदलते. अनेकांना हे शनिवारी दुपारी, इंजिन सीज झाल्यावर (आत पिस्टन अडकल्यावर) कळते.

हे सगळे रोटॅक्स मॅक्स वर्गाबद्दल. मॉलमागच्या भाड्याच्या कार्टमधून बाहेर पडलेला आपल्याकडचा माणूस बहुधा इथेच येतो. ऑस्ट्रियन बनावटीचे १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ५४ मिलिमीटर बोअर, ५४.५ मिलिमीटर स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारे, बटणावर सुरू होणारे. गिअर नाहीत, फक्त सेंट्रिफ्युगल क्लच, फेरे वाढले की आपोआप धरणारा. सीनियर (मोठ्यांच्या) वर्गात सुमारे ३० अश्वशक्ती. आकडा छोटा वाटतो, पण माणसासकट सगळे वजन १६० किलोच्या घरात असते, आणि बसायची जागा जमिनीपासून बोटभर वर. इंजिनाला सील असते. ते अधिकृत सर्व्हिस सेंटरखेरीज कोणी तोडायचे नाही, तोडले की इंजिन शर्यतीतून बाद. म्हणजे वाळूजचा कितीही हुशार फिटर मामा सोबत असला, तरी त्याचे हात सिलिंडरच्या बाहेरच चालणार. त्याला चांगले काम आहे ते कार्ब्युरेटर, चेन आणि चॅसीवर.

फेऱ्या होत आल्या आहेत त्या कोल्हापूरची मोहिते रेसिंग अकॅडमी, बंगळुरूची मेको कार्टोपिया, कोइमतूरची कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे. कोल्हापूरची उंची जवळपास आपल्याएवढीच, त्यामुळे पहिली फेरी तिथे मिळाली तर नशीब समजा. बाकी ठिकाणी घरचे सेटिंग जसेच्या तसे चालत नाही.

जेट

डेलॉर्टोच्या ३४ मिलिमीटर कार्ब्युरेटरमध्ये मुख्य जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या छोट्या तुकड्यावर, जो नंबर असतो, तो भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ नंबर म्हणजे १.२५ मिलिमीटर. हवा दाट झाली की तिला जास्त पेट्रोल लागते, म्हणजे जेट मोठा. हवा विरळ झाली की जेट छोटा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. किती, हे मात्र फार थोडे जण मोजतात.

तापमान तेच धरले तर संभाजीनगरची हवा चेन्नईपेक्षा साधारण साडेसहा टक्के विरळ, बंगळुरूची दहा टक्के. कार्ब्युरेटरमध्ये या फरकाचा साधारण निम्माच परिणाम मिश्रणावर होतो. आणि पेट्रोल वाहते ते भोकाच्या क्षेत्रफळातून, व्यासातून नव्हे, म्हणून जेटच्या नंबरात तो पुन्हा निम्मा होतो. हिशेब असा निघतो: संभाजीनगरहून चेन्नईला गेलात तर त्याच तापमानाला दोन नंबर मोठा जेट, बंगळुरूला गेलात तर एक ते दीड नंबर छोटा. तापमान १० अंशांनी वाढले तर साधारण एक नंबर छोटा, १० अंशांनी उतरले तर एक नंबर मोठा.

आता एप्रिलमध्ये इथे ४० अंशांत सराव केला, आणि चेन्नईत ३२ अंशांत गाडी उतरवली. उंचीचे दोन आणि तापमानाचा पाऊण, मिळून जवळजवळ तीन नंबर. किनाऱ्याची हवा दमट असते. वाफ ऑक्सिजनची जागा खाते, त्यामुळे अर्धा नंबर परत मिळतो. म्हणजे अडीच. घरचाच जेट ठेवून निघालात तर मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लीन इंजिन पहिले चार लॅप फार सुंदर पळते, सगळ्यांना वाटते आज जमले. मग लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, पूर्ण थ्रॉटलवर, पिस्टन धरतो. बंगळुरूला उलट होते. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, राहते, सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन घोगरे होऊन अडखळते, पिटमध्ये याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. लॅप टाइम जातो, इंजिन वाचते. म्हणून नव्या ठिकाणी पहिल्या सेशनला हिशेबापेक्षा एक नंबर मोठाच जेट घाला. सरळ रस्त्याच्या शेवटी किंचित घोगरेपणा ऐकू आला की एक नंबर खाली या, तो आवाज जेमतेम गेला तिथे थांबा. त्याच्याही खाली जाण्याचा मोह टाळा. दुपारची हवा आणि सकाळची हवा वेगळी, आणि सकाळची नेहमी दाट. शनिवारी दुपारी जमलेला जेट रविवारी सकाळी आठच्या वॉर्म-अपला न तपासता वापरणे, ही हौशी लोकांची आवडती चूक आहे.

पेट्रोलचेही तसेच. आपल्या पंपांवर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. इथेनॉलसोबत ऑक्सिजन येतो, त्यामुळे तेवढ्याच जेटवर मिश्रण अधिक लीन होते. ई१०वर जमवलेले जुने सेटिंग वहीत लिहिलेले असेल तर एक-दोन नंबर मोठे धरा. आयोजक बहुधा पेट्रोल स्वतः देतात किंवा कोणत्या पंपावरून घ्यायचे ते सांगतात, म्हणून इथून कॅन भरून न्यायचे कारण नाही. तेल दोन टक्के: १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर, नियमात दिलेलेच. मेजरिंग जार काचेचा किंवा जाड प्लॅस्टिकचा घ्या, बाटलीच्या बुचाने मोजू नका. ई२० हवेतले पाणी ओढते, म्हणून मिश्रण दिवसापुरते करा आणि कॅनचे झाकण घट्ट ठेवा.

सामान

छोटा हत्तीच्या हौद्यात एक कार्ट पुढचे फेअरिंग (नाकाचा प्लॅस्टिकचा भाग) काढून बसते, पण मग टायर, स्टँड आणि पेट्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न उरतो. दोघे मिळून बोलेरो पिकअप केला तर सोपे. पट्टा चॅसीच्या बाजूच्या नळीवरून टाका. स्टिअरिंगवरून किंवा मागच्या ॲक्सलवरून ओढून बांधला तर हजार किलोमीटरच्या खड्ड्यांत ॲक्सल वाकतो, आणि ते शुक्रवारी दुपारपर्यंत कळतही नाही. बंगळुरूला जायचे तर बीड, तुळजापूर, सोलापूर, विजयपुरा, चित्रदुर्ग हा रस्ता. सोलापूरनंतर मुक्काम करा. ड्रायव्हिंग करून थकलेला माणूसच शुक्रवारी सकाळी हेल्मेट घालणार असतो, हे विसरले जाते.

स्पेअर काय न्यायचे हे लोक महाग वस्तूंपासून मोजायला लागतात. मोडते ते मात्र स्वस्त. दोन टाय रॉड, चार रॉड एंड, एक स्टब ॲक्सल, किंगपिनचे बोल्ट, मागच्या हबची चावी, एक वापरलेला पण सरळ मागचा ॲक्सल, दोन चेन, मागचे तीन-चार स्प्रॉकेट, पुढचे दोन, ब्रेक पॅडचा एक जोड, थ्रॉटल केबल दोन, क्लच ड्रमच्या बेअरिंगसाठी ग्रीस, स्पार्क प्लग तीन, पुढच्या फेअरिंगचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प, एम६ आणि एम८ नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेल्या) नटांची आख्खी थैली. नायलॉक एकदा सोडला की पुन्हा वापरायचा नाही. स्टिअरिंगच्या जागी तर अजिबात नाही. ब्रेक फ्लुइड मात्र चॅसीच्या उत्पादकाने सांगितलेलेच. काही ब्रेक डॉट ४ वर चालतात, काही खनिज तेलावर. एकात दुसरे पडले तर मास्टर सिलिंडरचे सील फुगते आणि पेडल परत येत नाही.

बॅटरीचा चार्जर सगळ्यात वर ठेवा. या इंजिनावर अल्टर्नेटर नाही. स्टार्टर आणि इग्निशन दोन्ही बॅटरीवरच चालतात. रात्री लॉजवर चार्जिंग विसरले तर तिसऱ्या हीटमध्ये (फायनलआधीच्या छोट्या शर्यतीत) इंजिन मिस मारायला लागते आणि सगळे जण कार्ब्युरेटर उघडून बसतात.

आणि एक मराठवाड्याची खास गोष्ट. आपले बोअरचे पाणी जड. रेडिएटरमध्ये तेच भरले तर दोन मोसमांत आतून पांढरा थर चढतो. नियमात कूलंटऐवजी साधे पाणीच लागते, म्हणून बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी वापरा, पाच लिटरचा कॅन सोबत न्या. पाणी ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान राहिले की इंजिन खूश असते. चेन्नईत ते वर जायला बघते, तेव्हा रेडिएटरचे पंख ब्रशने साफ असायला हवेत, वाकलेले पंख प्लास्टिकच्या पट्टीने सरळ करून घ्या. बंगळुरूच्या थंड सकाळी उलट पंचाईत, तिथे पडदा किंवा टेप लागते.

स्वतः कार्ट न घेता टीमकडून वीकेंडपुरती भाड्याने घेणे हाही मार्ग आहे, आणि पहिल्या वर्षी तोच बरा असे माझे ठाम मत आहे. त्यात मेकॅनिक येतो. फक्त पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: टायर कोणाचे, इंजिन शेवटचे उघडून किती तास झाले (५० तासांच्या आसपास ते उघडावे लागते), पेट्रोल धरले आहे का, आणि मोडतोडीचा हिशेब कसा. सगळे वाद शेवटच्या प्रश्नावरच होतात.

वजन

सीट आणि वजन ही कामे घरीच उरकायची. पिटमध्ये सीट हलवणारा माणूस शनिवारची क्वालिफाइंग हरलेला असतो.

चार घरगुती वजनकाटे घ्या. गवंडी वापरतो ती पाण्याची लेव्हलची नळी घेऊन फरशीवर चारही काटे एका पातळीत आणा, खाली पत्र्याचे तुकडे सरकवून. टायरमध्ये शर्यतीएवढी हवा, टाकीत निम्मे पेट्रोल, ड्रायव्हर हेल्मेट-सूटसकट, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. खाली बघून आकडे वाचायला लागला तरी वजन पुढे सरकते. पुढच्या दोन चाकांवर ४३ टक्के, मागच्यांवर ५७ टक्के ही सुरुवात. एकूण १६० किलो असेल तर पुढे सुमारे ६९, मागे ९१. डावे-उजवे जवळजवळ सारखे. पुढे कमी पडत असेल तर सीट एक सेंटिमीटर पुढे. शिशाच्या पट्ट्या सीटच्या पाठीवर, शक्य तितक्या खाली. प्रत्येकीला किमान दोन बोल्ट, ६ मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर. वॉशर छोटा असेल तर फायबरची सीट तडकते आणि पट्टी वळणावर उडते. मागून येणाऱ्याच्या हेल्मेटला ती लागू शकते, म्हणून स्क्रूटिनीत, म्हणजे तांत्रिक तपासणीत, ती हलवून बघतात.

वजन मोजले जाते ते शर्यतीनंतर, कार्ट आणि ड्रायव्हर मिळून. किमान वजनापेक्षा थोडे जरी कमी भरले तरी निकालातून नाव जाते. बारा-पंधरा मिनिटांच्या शर्यतीत दोन लिटरच्या आत पेट्रोल जळते, म्हणजे जवळपास दीड किलो. उन्हात माणूस अर्धा किलो घामाने गमावतो, टायर झिजतात ते वेगळेच. म्हणून सुरुवातीला निदान अडीच किलो वर असा. शर्यत संपली की थेट काट्यावर जा. मधे कोणी प्रेमाने पाण्याची बाटली पुढे केली तरी घेऊ नका. वडिलांनी दिली तरी नाही.

कागद आणि स्क्रूटिनी

एफएमएससीआयचे (देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संघटनेचे) त्या वर्षाचे लायसन्स, वैद्यकीय दाखला, ओळखपत्र, अठराखालच्यांना पालकांची संमती. हे गुरुवारीच फाइलमध्ये लावा. हेल्मेट स्नेल या अमेरिकी चाचणी संस्थेच्या के किंवा एसए मानकाचे, किंवा एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेचे. दुचाकीचे आयएसआय हेल्मेट इथे चालत नाही. सूट कार्टिंगचाच, घासून न फाटणारा. बरगड्यांचे जाकीट नियमात असो वा नसो, घ्याच. कार्टला स्प्रिंग नसतात, कर्बचा प्रत्येक दणका सीटच्या कडेतून बरगडीत जातो. पहिल्यांदा तीन दिवस चालवणाऱ्यांत बरगडी दुखावलेली माणसे नेहमी सापडतात.

स्क्रूटिनीत अडकवणाऱ्या वस्तू ठरलेल्या: पेडलपासून ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपर्यंतची दुसरी सुरक्षा केबल नसणे, स्टिअरिंगच्या बोल्टला नायलॉक किंवा पिन नसणे, सैल चाकाची बेअरिंग, चेन गार्ड तडकलेला, बॅटरीचा क्लॅम्प हललेला, मागची रुंदी १४०० मिलिमीटरच्या वर. शेवटचे मोजताना टायरच्या फुगलेल्या बाजूचे माप येते, रिमचे नाही. घरी १३९८ मोजून गेलेला माणूस तिथे १४०३ भरतो.

शुक्रवार

शुक्रवारी ट्रॅक हिरवा असतो, म्हणजे रबर बसलेले नसते, धूळ असते, ग्रिप कमी. रविवारी दुपारी त्याच वळणावर रबराचा काळा पट्टा तयार असतो. शुक्रवारी घसरणारी कार्ट रविवारी आपोआप सुधारते. शुक्रवारी मागची ग्रिप वाढवून ठेवलेली कार्ट मात्र रविवारी वळणावर उड्या मारायला लागते.

हे समजायला एक वळण जवळून बघू. हेअरपिनला ब्रेक लावला. ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला. पेडल सोडत स्टिअरिंग वळवले. मागचा ॲक्सल अखंड आहे, डिफरन्शियल नाही, दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते, ते फरफटायला लागते. इथे कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या किंगपिनवर वळते तिचा मागे झुकलेला कोन, कामाला येतो. स्टिअरिंग वळले की पुढचे आतले चाक खाली आणि बाहेरचे वर जाते, चॅसी पिळते, आणि आतले मागचे चाक जमिनीवरून कागद सरकेल एवढे उचलले जाते. कार्ट तीन चाकांवर फिरते. मग स्टिअरिंग सरळ होता होता ते चाक परत टेकते आणि इंजिन ढकलायला लागते. चाक उचललेच नाही, तर पुढचा भाग ढकलत बाहेर जातो. उचलून लगेच टेकले आणि पुन्हा उचलले, तर ती उडी. फार वेळ उचललेले राहिले तर ॲपेक्सनंतर (वळणाच्या सर्वात आतल्या बिंदूनंतर) इंजिन गुदमरते, लॅप टाइम त्याच जागी जातो. ड्रायव्हरने पिटमध्ये येऊन "ग्रिप नाही" म्हणू नये. वळणाच्या आत जाताना, मधे, की बाहेर येताना, हे सांगावे. उपाय तिन्हींचे वेगवेगळे.

पुढून ढकलत असेल तर पुढची रुंदी प्रत्येक बाजूला एक स्पेसर, ५ मिलिमीटरने वाढवा. उड्या मारत असेल तर आधी मागची हवा अर्धा पीएसआय कमी, मग पुढची रुंदी कमी. मागून सुटत असेल तर मागची रुंदी प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर आत. दर सेशनला एकच बदल. बदल वहीत लिहायचा, सोबत तापमान, वेळ आणि जेट. मायक्रॉन लॉगर (लॅप टाइम नोंदवणारे यंत्र) असेल तर सर्वात चांगला लॅप बघू नका, सहाव्या ते दहाव्या लॅपची सरासरी बघा. नव्या माणसाचा एक लॅप नशिबानेही लागतो.

शुक्रवारचा पहिला सेशन जुन्या टायरवर, बदल न करता, फक्त ट्रॅक शिकायला. चौथ्यानंतर गिअरिंग ठरवा. पुढे १२, मागे ८० दात असतील तर मागे एक दात वाढवल्याने सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिनाचे मिनिटाला सुमारे १७० फेरे वाढतात. सीनियर इंजिन १४,००० च्या आसपास लिमिटरला, म्हणजे फेरे रोखणाऱ्या मर्यादेला लागते. एकटे पळताना जेमतेम लिमिटरच्या खाली राहणारे स्प्रॉकेट घ्या. शर्यतीत दुसऱ्याच्या मागे हवेचा आडोसा मिळाला की ते त्याला टेकतेच.

टायरमधली हवा हा विषय सावलीचा आहे. स्लिकला (कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरला) थंड असताना साधारण १० ते १२ पीएसआय, गरम होऊन तीन-चार पीएसआय चढते. टायरचे तापमान १० अंशांनी वाढले की या दाबाला सुमारे ०.९ पीएसआय वाढ होते. तंबूच्या कडेला कार्ट उभी असेल आणि उजवी चाके उन्हात असतील, तर तिथे १५ अंश फरक सहज पडतो. चारही चाके सारखी भरली असे वाटते, प्रत्यक्षात उजवी चाके सावलीत सव्वा पीएसआय कमी असतात. मग ड्रायव्हर म्हणतो डाव्या वळणात वेगळी चालते, आणि सगळे जण कॅस्टरच्या मागे लागतात. चाके काढून सावलीत, एका ओळीत, अर्धा तास. मग भरा. प्रेशर गेज एकच वापरा, शेजाऱ्याचा नको. दोन गेजांत अर्ध्या पीएसआयचा फरक असतो.

दोन सेशनमधल्या पाऊण तासाचा क्रम ठरलेला हवा. चेन आधी बघा: मधे १० ते १५ मिलिमीटर ढिली, स्प्रॉकेट सरळ पट्टीने एका रेषेत, गरम असतानाच स्प्रे. मग चाकांचे नट, स्टिअरिंगचे बोल्ट, इंजिन माउंटचे बोल्ट, एक्झॉस्टच्या स्प्रिंग. नंतर ब्रेक पॅड. मग पाणी, पेट्रोल. कार्ट ट्रॅकबाहेर गेली असेल तर एअरबॉक्स (इंजिनाला हवा देणारी पेटी) उघडा, स्पंजचा फिल्टर पेट्रोलने धुऊन हलके तेल. आतल्या नळीत बोट फिरवा, किरकिर लागली तर तिथपर्यंत माती गेली आहे. सीनियर इंजिन वरच्या फेऱ्यांत मेल्यासारखे वाटू लागले तर जेटला हात लावण्याआधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कार्बनने चिकटला आहे का बघा.

बापच मेकॅनिक, मुलगा ड्रायव्हर ही जोडी पॅडॉकमध्ये (टीमच्या तंबूंच्या आवारात) सगळीकडे दिसते. ती चालते, फक्त एक अट आहे: कार्टला हात लावून झाल्यावर दुसऱ्या कोणी तरी पाना फिरवून बघायचा. काका असो, मित्र असो. ज्याने नट आवळला त्याला तो नेहमी आवळलेलाच वाटतो.

शनिवार, रविवार

क्वालिफाइंग छोटे असते, सहसा काही मिनिटांचे. त्या वीकेंडला मिळालेला, बारकोडने नोंदलेला नवा टायर सेट इथे पहिल्यांदा लागतो. त्याचा चांगला लॅप बहुधा दुसरा ते चौथा. मोठ्या घोळक्यात बाहेर पडू नका. पिटमधून निघताना समोर चार-पाच सेकंदांची मोकळी जागा करा, आणि एकट्याने तीन लॅप नीट मारा. ब्रीफिंगला सही लागते, ते चुकवले तर दंड होतो.

हीट आणि फायनलला रोलिंग स्टार्ट असतो, दोन रांगांत. भाड्याच्या कार्टवरून आलेल्याला हाच सगळ्यात अनोळखी भाग. रंगवलेल्या पट्ट्यांच्या आत राहायचे, रेषेआधी वेग वाढवायचा नाही, पुढच्याच्या बंपरला टेकायचे नाही. पहिल्या वळणावर अकॉर्डियनसारखे सगळे दबतात. टायर थंड, दाब खाली, आणि ब्रेक फक्त मागे, म्हणून नेहमीपेक्षा दोन-तीन मीटर आधी ब्रेक. पुढचे फेअरिंग क्लॅम्पवर बसवलेले असते, दणका बसला की मुद्दाम आत सरकते. आत सरकलेले फेअरिंग घेऊन शर्यत संपली तर एफआयएच्या नियमाप्रमाणे पाच सेकंदांचा दंड, आणि तिथे तुम्ही बिनधास्त सहा जागा गमावता. दुसऱ्याला ढकलून पुढे जाण्याची शिक्षा म्हणूनच ते तसे केले आहे. जुने, ढिले क्लॅम्प मात्र स्वतःहून सरकतात. दर फेरीला ते बदलणे परवडते.

निळा झेंडा, त्यावर लाल तिरके पट्टे, म्हणजे लॅप पडला, आता बाहेर या. काळा झेंडा, मधे नारिंगी गोळा, म्हणजे कार्टमध्ये काहीतरी सुटले आहे. पहिल्यांदा धावणारे या दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात आणि निकालातून जातात.

पावसाळ्यातल्या फेरीला वेगळी वही ठेवा. पावसाच्या टायरला दाब स्लिकपेक्षा बराच जास्त, १६ ते २० पीएसआय. मागची रुंदी आत, पुढची बाहेर, पुढच्या चाकांचा टो-आउट (पुढची टोके बाहेर वळलेली असणे) जास्त, एअरबॉक्सवर कव्हर. आणि कोरड्या रेषेवर रबर साचलेले असते, ओल्यात ते साबण होते. म्हणून पावसात वळणाच्या बाहेरून फिरतात.

खाण्याचे सोपे ठेवा. प्रवासाला घरचे धपाटे दोन दिवस टिकतात, दह्याबरोबर उत्तम. शनिवारी रात्री झणझणीत नको. रविवारी सकाळपासून दर तासाला पाणी, त्यात ओआरएस. दुपारच्या फायनलला हात थरथरतात ते नेहमी भीतीनेच असे नव्हे, पाणी-मीठ कमी झाल्यानेही.

फायनल संपली की कार्ट पार्क फर्मेमध्ये (आयोजकांच्या ताब्यातल्या बंद आवारात) राहते, सोडेपर्यंत हात लावायचा नाही. ती मिळाल्यावर लगेच छोटा हत्तीत चढवू नका. टाकीतले मिश्रण कॅनमध्ये काढा, कार्ब्युरेटरची वाटी उघडून रिकामी करा. ई२० तिथे आठवडाभर राहिले तर जेटमध्ये हिरवट थर बसतो. रेडिएटरचे पाणी सोडा. चेन तेलाने ओली करा, एक्झॉस्टच्या तोंडाला आणि एअरबॉक्सला कापडाचा बोळा. टायरमधली हवा आठ पीएसआयवर उतरवा. वहीत शेवटचा जेट, शेवटचे तापमान, शेवटचे वजन. मग पट्टा, चॅसीच्या नळीवरून.